चालू सर्व्हरची वरात

भाईदासच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. एक लिनक्स येणारी आणि दुसरी कीव करण्यासारखी. पहिल्या प्रकारात अख्ख्या धुळ्यात तो एकटाच होता.

गल्ली नंबर चारमधल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत तो संगणक सहायक होता. शिंदखेड्याला घरी मात्र त्याने स्वतःला परस्पर सिस्टीम ॲडमिन करून टाकलं होतं. कचेरीच्या मागच्या खोलीत त्याचा सर्व्हर होता. संस्थेच्या सगळ्या शाळांचे निकाल, हजेऱ्या आणि पगार त्या एका काळ्या खोक्यात होते, आणि खोक्यावर पाटी होती: 'हात लावू नये. बंद करू नये. विचारू नये.'

"भाईदासभाऊ, प्रिंटर चालत नाही हो," हेडक्लार्क प्रमिलाबाई म्हणायच्या.

"प्रिंटर माझ्या पातळीचा विषय नाही, ताई. तुमचं विंडोज रोज सकाळी नव्यानं जागं करावं लागतं. माझा सर्व्हर साडेतीन वर्षांत एकदा झोपलेला नाही."

"म्हणूनच चिडल्यासारखा गुरगुरतो वाटतं."

सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे, हा आकडा भाईदास रोज सकाळी काढायचा आणि पेपरातलं तापमान वाचावं तसा कचेरीला वाचून दाखवायचा. जळगावला साडूच्या मळ्यात भरीत पार्टी असली की बाकीचे वांग्याबद्दल बोलत, हा आकड्याबद्दल. साडू बिचारा भरिताचा घास तोंडात घालून मान डोलवी. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

खरी गोष्ट भाईदासशिवाय कुणाला माहीत नव्हती. सर्व्हर उभा केला तेव्हा त्याने व्हिडिओ पाहून, इकडच्या तिकडच्या आज्ञा चिकटवत रेटून नेलं होतं. दहा औषधं एकदम घेतलेल्या रोग्यासारखं झालं होतं. बरं वाटलं, पण कशानं ते कळलं नाही. एकदा बंद केला तर हा परत सुरू होईल का, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं. त्याची सगळी ऐट त्या एका न दाबलेल्या बटणावर उभी होती.

आणि संस्थेने पांझरा नदीपलीकडे, देवपुरात नवी कचेरी बांधली.

"रविवारी बठ्ठं सामान हलाले पाहिजे," अध्यक्ष प्रेमराज आबांनी सांगितलं. "तुन्हं डबडं बी."

"आबा, ते बंद करता येत नाही."

"काब्र? बटण नही का त्याले?"

"बटण आहे. पण जाणकार माणूस ते दाबत नाही."

आबांनी त्याच्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं आणि ते निघून गेले.

रविवारी सकाळी भाईदासने केळीवाल्या असलमची हातगाडी आणली. गाडीवर कापसाची गादी अंथरली. गादीवर सर्व्हर, त्याच्या शेजारी इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरला शोभेल एवढी बॅटरी. भिंतीतला प्लग काढून इन्व्हर्टरला जोडेपर्यंतच्या क्षणात सर्व्हरला छोट्या यूपीएसने तगवलं. सर्व्हर गुरगुरत राहिला. ज्याच्या टेबलाला कुणाचा कोपर लागला तरी भाईदास अंगावर धावायचा, तेच यंत्र आता खड्ड्यांतून गल्लीबाहेर निघालं होतं.

"भाऊ, यात जिवंत काय आहे?" गाडी ढकलता ढकलता असलमने विचारलं.

"मशीन."

"मग मेलेलं न्या ना. बॅटरीचं तरी ओझं वाचेल."

"तुला नाही कळायचं."

"बरोबर. मला फक्त ढकलायला कळतं."

पुलावर रिक्षावाले हॉर्न मारू लागले. प्रमिलाबाई फायली घेऊन मागे चालत होत्या आणि ओळखीचं कुणी दिसलं की पदराने तोंड झाकत होत्या. मोटारसायकलवर आबा आले.

"हाई काय वरात शे का रे भो? नवरदेव कोठे शे?"

दोन्ही हातांनी सर्व्हर कवटाळून भाईदास गाडीबरोबर वाकून चालत होता. नवरदेव कोण, हे पूर्ण धुळ्याला दिसत होतं.

आणि वरात पोचली! नव्या कचेरीत प्लग लागला, पडद्यावर आकडा उमटला, शाबूत. भाईदास ताठ झाला. "याला म्हणतात लिनक्स," तो गोळा झालेल्यांना म्हणाला. "प्रमिलाताई, चहा सांगा."

मग तो लॅपटॉप उघडून ऐटीत बसला. पडद्यावर दोन काळ्या चौकटी होत्या. एकीतून जुन्या सर्व्हरशी बोलता येत होतं, दुसरीतून नव्या कचेरीसाठी घेतलेल्या शेजारच्या कोऱ्या मशीनशी. कोरं मशीन एकदा बंद करून चालू करायचं होतं. भाईदासने लोकांकडे बघत, लॅपटॉपकडे न बघता, 'रीबूट' टाइप केलं. चुकीच्या चौकटीत.

सर्व्हरचा पडदा काळा पडला.

"भाऊ, याचा गुरगुराट थांबला का हो?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

निकाल, हजेऱ्या, पगार. शिंदखेड्यात भावाच्या बी-बियाणांच्या दुकानातलं रिकामं स्टूल भाईदासला स्पष्ट दिसलं. पंखे घरघरले, पडद्यावरून पांढऱ्या ओळी धावल्या, आणि तो त्यांच्याकडे परकी लिपी पाहावी तसा पाहत राहिला.

"हजेरी दिसतेय," आपल्या संगणकावरून प्रमिलाबाई म्हणाल्या. "निकालही उघडला."

चहा अजून यायचा होता.

"म्हणजे हा आपोआप चालू होतो?" त्यांनी विचारलं.

"होतो," भाईदास कसाबसा म्हणाला. "मीच तसं करून ठेवलंय." खरं होतं ते. त्या चिकटवलेल्या आज्ञांपैकी एकीने हे काम पहिल्याच दिवशी चोख केलं होतं. फक्त करणाऱ्याला पत्ता नव्हता.

"मग गादीवर घालून गावभर मिरवलात कशाला?"

असलम खांदा चोळत हसला. आबांनी फक्त "अरे भो" म्हटलं, आणि त्या दोन शब्दांत साडेतीन वर्षं वाहून गेली.

सोमवारी आकडा वाचला गेला नाही. मंगळवारी पाटी गळून पडली, ती कुणी परत चिकटवली नाही. बुधवारी प्रमिलाबाई चहाची विजेवरची किटली घेऊन सर्व्हरच्या खोलीत आल्या.

"भाऊ, सर्व्हर पाच मिनिटं बंद करू का? किटलीला प्लग नाही. होतोच की आपोआप चालू."

"तुम्हाला लिनक्स कळत नाही, ताई," भाईदास म्हणाला. आवाजात पूर्वीची धार आणायचा त्याने प्रयत्न केला. मग पिशवीतून स्वतःच्या पैशाने आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि किटलीसाठी लावून दिला.