ठिबकती नळी

लोक मला गळती थांबवायला बोलावतात. मी आल्या आल्या काही गळत्या थांबवते, काही मुद्दाम चालू ठेवते, आणि तिथून वाद सुरू होतो. नळ ठिबकला की घरातली लक्ष्मी ठिबकून जाते, हे आपल्याकडे बाळगुटीबरोबर पाजलेलं असतं. माझ्या आईनंही मला पाजलं होतं. पुढे आयटीआयला गेले, पाइप, पंप आणि गरम पाण्याच्या टाक्यांचं काम शिकले, आणि मला कळलं की काही ठिकाणी लक्ष्मीला जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर ती जाताना छप्पर घेऊन जाते.

वसई-विरारमधली हॉटेलं, मंगल कार्यालयं, लहान दवाखाने यांच्या पाण्याची देखभाल मी करते. बिघडल्यावर दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. मी बिघडायच्या आधी जाते, त्यामुळे मी नेमकं काय केलं हे कोणाला दिसत नाही. स्कूटरवर पिशवी, पिशवीत पाने-पक्कड, आणि बाई म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. माझ्या हातात पाना असताना मला विचारतात, "मिस्त्री कधी येणार?" पूर्वी मी समजावून सांगायचे. हल्ली म्हणते, "आला की सांगते," आणि काम उरकून निघते. नवरा म्हणतो, तुझ्या जिभेलाही एखादा व्हॉल्व्ह बसव. नाही बसवणार.

आमच्याकडचं पाणी फार लबाड. नळाचं पुरत नाही, म्हणून बोअर आणि टँकर. आमचं माहेर खाडीकडचं, भातशेतीचं; तिथे बोअरच्या पाण्याला मचूळ चव असायची. हे पाणी तापवलं की टाकीत नि पाइपात पांढरा थर बसतो, खडूसारखा. तो वेळच्या वेळी खरवडला नाही, तर आज पाइप तुंबतो, उद्या तापवायचा रॉड जळतो. म्हणून माझ्यासारख्यांचं पोट चालतं.

आगाशीहून राजोडीच्या समुद्राकडे जाताना एक हॉटेल आहे. वर खोल्या, खाली लग्नाचा हॉल. मालक मूळचा आगाशीचाच, बागायती वाडीवाल्यांच्या घरातला. वाडीच्या एका तुकड्यावर त्यानं हे उभं केलं. माणूस मनानं वाईट नाही, पण पाण्याचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं. उन्हाळ्यात टँकरवाल्यांच्या हातापाया पडून झालेलं असतं ना, त्यामुळे. त्यानं सगळ्या नोकरांना एकदा खाली उभं करून सांगितलं होतं, ज्याच्या मजल्यावर नळ ठिबकताना दिसेल, तो दुसऱ्या दिवशी घरी बसेल. एका पोऱ्याला खरंच बसवलंही होतं. त्यामुळे तो हुकूम सगळ्यांच्या अंगात भिनला होता.

या हॉटेलच्या गच्चीवर दोनच गोष्टी. एक गरम पाण्याची मोठी टाकी, आणि दुसरं तिच्या शेजारचं पत्र्याचं छप्पर, जिथे चादरी धुऊन वाळवून इस्त्री होतात. ते राज्य चादरी धुणाऱ्या मावशीचं; सगळे तिला मावशीच म्हणतात. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, काटक, बोलायला तुटक. ती मूळची चिंचोटीकडची. पावसाळ्यात तिच्या गावाकडे सगळी मुंबई धबधबा बघायला लोटते आणि उन्हाळ्यात त्याच गावच्या बायका हंडा घेऊन वणवण फिरतात. तिचा नवरा माडावरून पडला तेव्हापासून घरीच आहे, मुलगी नर्सिंग शिकते, आणि घर चालतं ते मावशीच्या चादरींवर. हे तिनं मला कधी रडून सांगितलं नाही. चहा देता देता एकेक तुकडा कळत गेला.

ऐन लग्नसराईतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये हळद होती, लग्नाची मंडळी त्याच संध्याकाळी उतरणार होती, आणि त्याआधी सगळं तपासून घ्या म्हणून मालकानं मला बोलावलं होतं. मी दुपारी पोचले. आधी उतरलेले दुसरे पाहुणे समुद्रावर गेलेले, खोल्या रिकाम्या. मी गच्चीवर चढले आणि टाकीचा आवाज ऐकून पायरीवरच थांबले. टाकीला आवाज असू नये. ही आतून कण्हत होती. दाबाचा काटा बघितला, तर तो लाल पट्टा ओलांडून पार टोकाला जाऊन टेकलेला.

कोणालाही समजेल असं सांगते. पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जागा लागते. ती नसेल तर ते टाकीच्या भिंतींना रेटत राहतं. त्यासाठी टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि त्याला बोटाएवढी एक नळी. दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि नळीतून थोडं थोडं पाणी बाहेर सोडतो. ती नळी ठिबकते म्हणजे टाकी शहाणी आहे. त्या दिवशी नळी कोरडी ठणठणीत होती. तिच्या तोंडात लाकडाची गुल्ली ठोकलेली, गुल्लीला चादरीची चिंधी गच्च गुंडाळलेली, आणि त्यावर हळदकुंकवाची बोटं.

आधी मी टाकीची वीज तोडली. थंड पाण्याचा कॉक बंद केला. मग खाली काउंटरवर फोन करून सांगितलं, प्रत्येक खोलीतला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा, आत्ताच्या आत्ता, का म्हणून विचारू नका. मी काट्यावर नजर ठेवून उभी राहिले. मग तो हळूहळू उतरायला लागला. मी भिंतीला टेकले. पलीकडे मावशी इस्त्री करत होती.

"मावशी, हे कोणी केलं?"

"मीच," ती म्हणाली. इस्त्री थांबली नव्हती. "टिपटिप चालू व्हती दिवसभर. गरम पानी वाया जायचं. शेठ वर आला असता तर मलाच घरी बसवलं असतं. आनि ठिबकणं काय बरं असतं का घराला?"

"अहो, अख्खी टाकी उडाली असती!" मी ओरडले. मी ओरडते तेव्हा बाजूच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात. मावशीनं इस्त्री उभी केली. तिला काय उडणार आणि कसं, यातलं काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय.

तेवढ्यात मालक धापा टाकत वर आला. सगळ्या खोल्यांतून गरम पाणी वाहून चाललंय ही बातमी त्याच्या कानावर गेली होती, आणि त्याच्या दृष्टीनं घराला आग लागली असती तरी ते एवढं वाईट नसतं.

"ताई, वेड लागलंय का तुम्हाला? संध्याकाळी मंडळी येतायत!"

मी त्याला काटा दाखवला, मगाशी तो कुठे होता ते दाखवलं, आणि गुल्ली दाखवली. म्हटलं, "ही टाकी फुटली असती ना, तर स्लॅबसकट तुमच्या मांडवात आली असती. आणि वर ही बाई होती, तिचं काही उरलं नसतं." त्याचा चेहरा पांढरा पडला. पण घाबरलेल्या माणसाला आधी कोणीतरी पकडायला लागतं.

"कोणी केलं हे?"

मी काही जुळवाजुळव करायच्या आत मावशी म्हणाली, "मी, शेठ."

"उद्यापासून येऊ नकोस."

अर्धी इस्त्री झालेली चादर तिनं घडी घालायला घेतली, कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून. तिनं हातापाया पडून रडारड केली असती तर कदाचित मी मध्ये पडले नसते, माहीत नाही. पण ती घडी बघून माझं डोकं सणकलं.

"शेठ, एक सांगा," मी म्हटलं. "तुमचा हुकूम काय होता? ठिबकेल तो घरी. तिच्या गच्चीवर ठिबकत होतं, तिनं थांबवलं. आता थांबवलं म्हणूनही घरी. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. बाईनं करायचं काय?"

"म्हणून असलं काहीतरी करायचं? कोणाला तरी जबाबदार धरायला नको?"

"धरा की. हुकूम देणाऱ्यापासून सुरुवात करा."

असं त्याच्याशी त्याच्या गच्चीवर कोणी बोललं नसावं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तुमचं काम बघा."

"तेच बघतेय. दिवसभर या टाकीजवळ कोण असतं? मी नाही, तुम्हीही नाही. ती असते. तिला काढाल, नवी आणाल, नवीला तोच हुकूम ऐकवाल, आणि तीही एक दिवस बोळा कोंबेल. तेव्हा मी इथे नसले तर? ही राहणार असेल तर मी नवा व्हॉल्व्ह बसवून टाकी चालू करून देते. नसेल, तर टाकी बंद राहील. उद्या हळदीची नवरी थंड पाण्यानं न्हाऊ दे, आणि तिच्या आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

अडवणूक होती का? होती. चांगली खणखणीत अडवणूक होती, आणि मला तिची काडीची लाज वाटली नाही. दुसरा कोणी मिस्त्री त्याला त्या दुपारी मिळाला नसता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

त्यानं एकदा खाली मांडवाच्या बांबूंकडे बघितलं. मग म्हणाला, "राहू दे तिला. पण पुन्हा असलं झालं तर बघा." असं म्हणून तो जिना उतरला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

टाकी निवेपर्यंत थांबले. मग गुल्ली उपटली, क्षारानं दगड झालेला जुना व्हॉल्व्ह काढला, पिशवीतला नवा बसवला, नळी साफ केली. पुन्हा पाणी भरलं, वीज दिली, आणि पाणी तापायला लागल्यावर नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मावशीनं त्या दिवशी चहा केला नव्हता. खरं सांगते, मी वाट बघत होते. नोकरी वाचवली होती तिची. निदान हात धरून दोन शब्द बोलेल, डोळ्यांना पदर लावेल, आणि मी म्हणेन, "असू दे हो मावशी," असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

ती आली, टाकीपाशी उभी राहिली, त्या थेंबाकडे बघत.

"बाय," ती म्हणाली, "किती वर्सं येतेस तू इथं?"

"झाली की बरीच."

"दर येळी या नळीला हात लावून बघतेस. माझ्या हातचा चा पितेस. ही नळी कशाला हाय, ते मला कंदी सांगितलंस?"

मी म्हणायला गेले, "तुम्ही कधी विचारलं—" आणि तिथेच थांबले.

"मला काय ठावं, की हे विचारायचं असतं? थंडीत मी रोज या टाकीला पाठ लावून बसते. ऊब लागते म्हनून."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्याला मी चांगली पुरून उरते. मला फार वाईट वाटलं. मी चादरींच्या गठ्ठ्याशेजारचं स्टूल ओढलं आणि म्हटलं, "बसा मावशी. आता सांगते, पहिल्यापासून."

"थांब," ती म्हणाली. "आदी शेठला वर बोलव."

"शेठला? आत्ता?"

"मंग? मी एकटीनं ऐकून काय उपेग? हुकूम त्याचा व्हता. उद्या तो परत ठिबकतं, ठिबकतं करत बोंबलंल, आनि ज्याला ठावं नाय तो परत बोळा घालंल."

दुपारीच ज्यानं तिला घरी बसवलं होतं, त्याला ती वर बोलवायला सांगत होती. मी फोन लावला. तो कुरकुरला, मांडवाचं काम अर्धवट आहे म्हणाला, पण आला, घाम पुसत. मावशीनं पदरानं स्टूल पुसलं, त्याला बसवलं, स्वतः कमरेवर हात ठेवून बाजूला उभी राहिली आणि मला म्हणाली, "हां, बाय. सांग आता. सावकाश सांग, त्याला पन कळलं पाहिजे."