नट आठ फेरे बसलाच पाहिजे

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला जाणारे निम्मे टेम्पो आमच्या गावच्या फाट्यावर, चांगुणाबाईंच्या पत्र्याच्या शेडपुढं थांबतात. पंक्चर, हवा, अलाइनमेंट, सगळं बाई स्वतः करतात. त्यांचे पती मच्छिंद्र पूर्वी टेम्पो चालवायचे. कुणा मेकॅनिकनं चाकाचे नट अर्धवट आवळले होते. घाटात पुढचं चाक निखळलं आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. मग बाई नगरला जाऊन सहा महिने काम शिकल्या आणि त्यांनी पाना हातात घेतला. गावानं नावं ठेवली. बाईंनी ठेवू दिली.

मी इथल्या शाळेत मास्तर. गेल्या वर्षी मोटारसायकलमध्ये हवा भरायला थांबलो होतो, तेव्हा उपसरपंच आप्पासाहेबांचा करण नवी जीप घेऊन आला. त्याला रुंद अलॉय चाकं घालायची होती. बाईंनी एक चढवून पाहिलं, तर ते आतून शॉकॲब्सॉर्बरला घासायला लागलं. करणनं त्यावरचा उपाय बरोबरच आणला होता: ऑनलाइन मागवलेले स्पेसर. चाकाच्या मागं बसवायच्या ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या. चाक तेवढं बाहेर सरकतं, घासत नाही, वर गाडी रुबाबदार दिसते.

बाईंनी चकती बसवली, चाक लावलं आणि नट हातानं फिरवत फेरे मोजले. साडेतीन फेऱ्यांत नट घट्ट झाला. त्यांनी तो परत काढला.

"न्हाई बसवायची मी."

"का? चांगलं बसलंय की."

"चकतीनं बोल्टाची लांबी खाल्ली. आट्यांवर नट आठ फेरे तरी बसलाच पाहिजे. आन् चकतीचं मधलं भोक बघ, कसं ढिलं हाय. येगात गाडी थरथरल."

"काकू, तुमी फक्त आवळा. जबाबदारी माझी."

"गाडी तुझी. समोरनं येनारा मानूस तुझा न्हाई."

करण भडकला. मूळचं चाक परत चढवून घेतलं, चकत्या तिथंच भिरकावल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब स्वतः आले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

"चांगुणा, शेड कुनाच्या जागेत हाय, ठावं हाय ना?"

"ठावं हाय. चाक तरीबी न्हाई बसवायची."

आठवड्यात ग्रामपंचायतीची अतिक्रमणाची नोटीस आली. बाई ती घेऊन ग्रामसभेला गेल्या. बरोबर गोणीत चाक ज्यावर बसतं तो एक जुना हब, एक चाक, करणच्या त्या चकत्या आणि नट. सगळं त्यांनी आप्पासाहेबांच्या टेबलावर मांडलं.

"फिरवा. मोजा."

आप्पासाहेबांनी हात लावला नाही. बाईंनीच फिरवला. मागून बायकांनी मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि आवाज थांबला. मग चकती काढून पुन्हा. या वेळी मोजणी नवावर गेली.

"आमच्या मालकांचा पाय आर्धवट नटानं गेला," बाई म्हणाल्या. "नोटीस द्यायची तर द्या, पर कागदावर खरं कारन लिवा."

"शेडचा विषय वेगळा हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय? मग फाट्यावरच्या बाकी अकरा टपऱ्यांना नोटीस का न्हाई?"

नोटीस मागं घेतली गेली नाही. बाईंनी वाट पाहिली नाही. तीन दिवसांत पत्रे उचकटून शेड दोनशे पावलं पुढं, स्वतःच्या शेतात नेली. मच्छिंद्र काठी टेकून खांब धरून उभे होते. टेम्पोवाले तिथं थांबायला लागले.

तीन महिन्यांनी करण आला. या वेळी स्पेसर दुसरे होते, हबला स्वतंत्र बोल्टांनी आवळायचे, भोक गच्च, चाकासाठी वेगळे पुरेसे आटे. बाईंनी अर्धा तास तपासले, मग बसवले. ठरावीक जोर लागला की वाजणारा टॉर्कचा पाना कट्‌कन वाजेपर्यंत प्रत्येक नट आवळला.

"शंभर किलोमीटर फिरून ये. परत आवळायचेत."

"मला पुण्याला जायचंय, काकू."

"मग काढते."

पाना नटाला लागलाही. करण गुमान निघाला. नेवाशापर्यंत दोन चकरा मारून संध्याकाळी परत आला. बाईंनी पाना लावला, तर एक नट अजून पाव फेरा आवळला गेला. करणनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"आप्पासाहेबांना सांग," हात पुसत बाई म्हणाल्या, "हितला सातबारा आमच्या नावावर हाय."