आधी पाय, मंग हात

सकाळची गोष्ट, पण लिहायला संध्याकाळ केली. मधेच एकाची बंद पडलेली मोटरसायकल ढकलायला गेलो. असो.

रविवारी नाशिकला गोल्फच्या मैदानावर माझी चाचणी आहे. जमलं तर शिकवणाऱ्यांच्या हाताखाली काम मिळेल. माझी खोड एकच. स्टिक वर नेली की खाली आणताना हातांनाच घाई होते, आणि चेंडू भलतीकडे पळतो.

आज फैजपूरला केळीच्या बागेशेजारी सराव करत होतो. घड वाहणारे नाना बघत होते. म्हणाले, "कायले एवढी घाई करतो? घड दुसऱ्याच्या हाती देताना आधी पाय टाकायचा, मंग हात. उलटं केलं का केळं खरचटतं."

स्टिक वर नेऊन मी क्षणभर थांबलो, डावा पाय दाबला, कंबर वळू दिली. हात मागून आपोआप आले. विसातले सात चेंडू सरळ गेले.

नाना म्हणाले, "बाकी तेरांची शिकरण कर."

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. तीन कामं सोडली, तीही पाय ठरण्याआधीच. तुमचंही असं होतं का?

थांबा, खोलीच्या दारात वडील आलेत. तिसरं काम सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. बागेपाशी विसरलेली माझी स्टिक त्यांच्या हातात आहे.