गाठोड्याला मागचं दार

आमच्या ऑफिसात कुठलीच गोष्ट टिकत नाही. चार्जर टिकत नाहीत, चहाचे कप टिकत नाहीत, आणि छत्री तर जो आणतो त्याची कधीच राहत नाही. किस्से मात्र कुणी सांभाळत नसताना साठत जातात. लोकांची गुपितं सांभाळायचा आमचा धंदा, पण त्यातलं एकही गुपित आम्हाला माहीत नाही. त्यामुळे चहाला बसलो की सांगायला आमचेच किस्से उरतात.

धंदा काय ते आधी सांगते. आमच्या शहरातल्या छावणी भागात एका दवाखान्याच्या वर आमची छोटीशी कंपनी आहे. मालकीण काळे मॅडम. त्या कॉलेजात गणित शिकवायच्या, ते सोडून त्यांनी एक ॲप काढलं. नाव 'गाठोडं'. फोटो, कागद, आवाज, काय हवं ते त्यात बांधून ठेवायचं. सामान आमच्या सर्व्हरवर असतं, पण अशा गिचमिड रूपात की आम्हालाही वाचता येत नाही. ते उघडतं फक्त तुमच्या पासवर्डने, आणि पासवर्ड तुमच्या डोक्यात. विसरलात तर विसरलात.

अझरभाई सर्व्हर सांभाळतात. मी फोन सांभाळते. म्हणजे शिव्या माझ्या वाट्याला!

* * *

गुलमंडीतले एक कापडवाले शेठ पासवर्ड विसरले. फोनवर म्हणाले, "बेटा, तुमच्याकडं दुसरी चावी असंल ना, ती लावून दे."

"नाहीये, काका."

"मालकाकडं असंल."

"त्यांच्याकडंही नाही."

मग शेठ म्हणाले, "मंग ते मालक कशाचे?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, आणि येताना चावीवाल्याला घेऊन आले. खांद्यावर चाव्यांचा भलामोठा जुडगा घेऊन तो बिचारा कपाट शोधत ऑफिसभर फिरला. शेवटी वैतागून म्हणाला, "शेठ, कुलूप किधर है?" शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. चावीवाल्याने मला नीट बघितलं आणि म्हणाला, "चाय पिलाओ शेठ, अपन निकलते."

शेठ मात्र बसले. मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले, मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "म्हंजे माझ्या पोरांना बी उघडणार नाय?"

"नाही."

"जावयाला?"

"कुणालाच नाही."

शेठनी तिथंच बसून नवीन गाठोडं काढलं.

* * *

दुसरा किस्सा फुलंब्रीच्या एका मावशींचा. त्यांचा मुलगा फौजेत, त्याचे सगळे फोटो त्यांच्या गाठोड्यात. ॲप अडकलं की मावशी फोन करायच्या आणि हॅलो म्हणायच्या आधी पासवर्ड सांगायला सुरुवात करायच्या. आता आमच्याकडे नियम असा, की गिऱ्हाईक पासवर्ड सांगायला लागलं की फोन कापायचा. कानावरसुद्धा पडू द्यायचा नाही. मॅडमचा नियम, त्यात सूट नाही.

मी फोन कापला. मावशींनी परत केला, परत सुरुवात केली. मी परत कापला. शेवटी त्यांनी मॅडमचा नंबर मिळवला आणि तक्रार केली, "तुमची ती पोरगी लई उर्मट हाय. म्या तिला घरच्यावाणी सांगायला जाते, अन् ती फोन आपटती."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तिचा पगार वाढवते."

मावशींना ते काही पटलं नाही. मला पटलं.

* * *

आता मॅडमचा सगळ्यात विचित्र नियम. आमच्याकडे कामाला लागलं की पहिल्या दिवशी आपली सगळ्यात जिवाची वस्तू गाठोड्यात ठेवायची आणि बाकी सगळीकडून पुसून टाकायची. फोनमधून, पेनड्राइव्हमधून, सगळीकडून. "आपलं जिवाचं सामान आत नसंल, तर लोकांनी त्यांचं का ठेवावं?" असं मॅडमचं म्हणणं. मी माझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो ठेवला आणि दोन रात्री झोपले नाही. अझरभाईंनी त्यांच्या मुलीचा जन्मल्यावरचा पहिला व्हिडिओ ठेवला. घरी सांगायची हिंमत त्यांना अजून झालेली नाही.

मॅडमनी ठेवला त्यांच्या आईचा आवाज. मॅडम मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आई आयुष्यभर कळपामागे हिंडली. म्हातारपणी एका जागी बसली, तेव्हा मॅडम सुट्टीच्या दिवशी तिच्याजवळ फोन ठेवून तिला बोलतं करायच्या. मेंढरांना घालायच्या हाका, रानातल्या गोष्टी, कुठल्या मेंढीला काय नाव होतं ते. आई गेली. आवाज गाठोड्यात राहिला, आणि नियमाप्रमाणे बाकी सगळीकडून पुसलेला.

मग मॅडमचा स्कूटरवरून अपघात झाला. डोक्याला मार लागला, फोनचा चुरा झाला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांना सगळं आठवत होतं. आम्ही आठवत होतो, पाढे आठवत होते, फोनवाल्या मावशीसुद्धा आठवत होत्या. पासवर्ड तेवढा गेला.

नवीन फोन आणला, ॲप टाकलं. ते पासवर्ड मागत राहिलं.

* * *

मॅडम रोज चहा झाला की एकदा प्रयत्न करतात. मेंढ्यांची नावं टाकून बघतात, माळांची, ओढ्यांची. मग फोन उपडा ठेवतात आणि कामाला लागतात. तोंडावर काहीही दिसत नाही. आम्हीच चहा संपला तरी कप धरून बसतो.

एका शनिवारी अझरभाईंनी हट्टाने सर्व्हर उघडला आणि मॅडमचं गाठोडं फोडायला बसले. मोठे हुशार आहेत ते. संध्याकाळपर्यंत डोळे लाल झाले. उठून मॅडमसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ये आपने कैसा ताला बनाया? मेरे कू तो डर लग रहा इससे."

"चांगलं बनलंय का पण?" मॅडमनी विचारलं.

"बहोत अच्छा बनाया."

मॅडमनी मान हलवली, जशी एखाद्या पोराचा पेपर तपासून हलवतात तशी. मला त्या क्षणी या बाईची भीती वाटली. खरं सांगायचं तर भीती नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. इतकं मोठं माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

* * *

मग आलं सरकारचं पत्र. गाठोड्याला मागून एक दार ठेवा, म्हणजे तपासात गरज पडली तर सरकारला उघडता येईल. नाहीतर ॲप बंद करावं लागेल. पत्रामागोमाग एक साहेब आले. तरणे, सभ्य, बूट बाहेर काढून आत आले. आम्ही भांडायच्या तयारीत होतो, पण माणूस भांडण्यासारखा नव्हता.

त्यांनी खरं कारण सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून फसवणारी एक टोळी होती, आणि तिचा सगळा कारभार कुठल्यातरी अशाच बंद ॲपमध्ये अडकला होता. "मॅडम, ज्यांची आयुष्यभराची पुंजी गेली ती माणसं रोज माझ्या टेबलासमोर येऊन बसतात," ते म्हणाले. "मी त्यांना काय सांगू?"

मॅडमनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. मग म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरी मेंढरांचं वाडगं असायचं. काट्याचं कुंपण, पुढून एकच वाट. पावसात दादांना, म्हंजे माझ्या बापाला, फेरा पडायचा, तर मी एकदा म्हणलं, दादा, मागून एक वाट ठिवू, फक्त तुमच्यापुरती. दादा म्हणले, वाट ठिवता येती गं, पण ती फक्त माझी हाय हे लांडग्याला कोण सांगणार?"

साहेब हसले. आम्हीही हसलो. पण साहेब हसून झाल्यावर म्हणाले, "ते ठीक आहे, मॅडम. पण वर कुणी विश्वास ठेवत नाही. सगळे म्हणतात, बनवणाऱ्याकडे एक चावी असतेच. तुमच्याकडेही असेल."

इथं अझरभाईंना राहवलं नाही. "रहती तो अम्मी का आवाज ऐसे रहता क्या?" असं ते बोलून गेले, आणि मग सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

साहेबांना काही कळेना. शेवटी मॅडमनीच सगळं सांगितलं. अगदी साध्या आवाजात, अपघातापासून. आणि सांगून झाल्यावर स्वतःचा फोन त्यांच्यासमोर सरकवला.

"माझंच गाठोडं घेऊन जावा. सर्व्हरवरची माझ्या गाठोड्याची नक्कल अझर देईल. तुमचे जेवढे हुशार लोक असतील तेवढे लावा. उघडलं तर मी खोटी. मग म्हणाल तसं दार बसवून देते. आणि आईचा आवाज तेवढा मला परत द्या."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर वर तसं लिहून कळवा. बाकीच्यांच्या गाठोड्यांना हात लावू नका."

साहेबांनी फोन घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

* * *

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. फोडायला बसलेल्या माणसांना यश येऊ दे म्हणावं, तर शेठ, मावशी आणि हजारो लोकांचं सामान उघड्यावर. येऊ नये म्हणावं, तर मॅडमची आई कायमची गेली. मी छावणीतल्या मारुतीला गेले आणि काहीही न मागता परत आले. नुसती घंटा वाजवली.

अझरभाई शुक्रवारच्या नमाजवरून आले तेव्हा मी विचारलं, "काय मागितलं?"

"दोनों मांग के आया," ते म्हणाले. "अल्लाह बोले होंगे, बेटा, पहले एक तय कर."

मॅडमना विचारायची हिंमत कुणालाच नव्हती. चहा झाला की त्यांचा हात सवयीने टेबलावर फोन शोधायचा, आणि फोन तिथं नसायचा.

* * *

साहेब परत आले ते दुपारी. याही वेळी त्यांनी बूट बाहेर काढले. फोन एका पाकिटात होता, पाकीट त्यांनी मॅडमच्या हातात दिलं.

"नाही उघडलं, मॅडम."

"सगळं करून पाहिलं?"

"आमच्याकडे होतं ते सगळं. मग बाहेरूनही माणसं बोलावली. त्यांनीही हात टेकले." साहेबांनी पाकिटाकडे बघितलं. "मला मनापासून वाटत होतं, आवाज तरी मिळावा. मी त्यांना रोज विचारत होतो."

"वर काय कळवलं?"

"हेच. चावी नाही म्हणून. आणि ठरल्याप्रमाणे, बाकीच्यांच्या गाठोड्यांना हात लावू नये म्हणून."

मॅडमनी फोन पाकिटातून काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी अझरभाईंकडे बघितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. साहेब जायला वळले.

"बसा साहेब," मॅडम म्हणाल्या. "अझर, गुलमंडीत जाऊन पेढे घेऊन ये. चांगले आण. साहेबांनी खाल्ल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका."

पेढे आले. मॅडमनी पहिला साहेबांच्या हातावर ठेवला, आणि दुसरा उभ्या उभ्याच स्वतः खाल्ला.