सासऱ्यांचा निसटता जबडा

माझ्या सासऱ्यांइतका मोकळा हसणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याचा जबडा जागेवर असेल. सासऱ्यांचा नसायचा. जोराचं हसू आलं की तो निसटायचा आणि तोंड उघडंच राहायचं. आमची पहिली भेटच तशी झाली. मी अमरावतीहून अकोल्याला, जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी मुलगी पाहायला गेलो होतो. माझ्या वडिलांनी माझा पगार सांगितला आणि त्यावर स्वतःच एक विनोद केला. सासरे खदखदून हसले आणि एकाएकी आ वासून गप्प झाले. पगार ऐकूनच माणूस खचला, असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी अंगठ्यांना पदर गुंडाळला, ते नवऱ्याच्या तोंडात मागच्या दाढांवर टेकवले आणि जबडा आधी खाली दाबून मग मागे ढकलला. खट्ट असा आवाज झाला. "पोहे घ्या ना," त्या आम्हाला म्हणाल्या, आणि सासऱ्यांनी तुटलेलं वाक्य पुढे सुरू केलं.

हे दुखणं डॉक्टरांनी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. ते ज्ञान त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचं बोट धरून ते त्याच्याच कानापुढे टेकवत. "आता तोंड उघडा. लागते का हाताले? हाड पयले जागच्या जागी फिरते, मंग पुढं सरकते. मंधात गादी हाय अन् पुढं उंचवटा. माहं हाड तो उंचवटा वलांडून जाते, गाडीचं चाक बांधापलीकडं उतरते तसं. मंग बैलायनं कितीबी ओढलं तरी मांगं येत नाई." वाढपी बुंदी घेऊन यायचा तेव्हा अख्खी रांग कानापुढे बोट लावून आ करून बसलेली असायची. डॉक्टरांनी हसणं कमी करायला सांगितलं, तर हे त्यांनाच म्हणाले, "मंग माह्या बायकोले कायले शिकवलं तुमी?" कुणी गमतीचं बोलायला लागला की ते आधी बाजेवरची आपल्या शेजारची जागा झाडायचे. "अवं, जवळ येऊन बस. हा मानूस हासवून रायला." सासूबाई कपाळाला आठ्या घालून येऊन बसायच्या, आणि मग हे निर्धास्त हसायचे.

सासूबाई गेल्या आणि ते हसणं थांबलं. हसू आलं की सासरे हनुवटीखाली मूठ धरून नुसतं हुं हुं करायचे. माझी बायको प्रत्येक वेळी माहेराहून रडवेली होऊन यायची. शेवटी मीच त्या डॉक्टरांकडे जाऊन जबडा बसवायला शिकून आलो. सासऱ्यांनी साफ नकार दिला. "ज्याचे पाय धुवाचे, त्याले तोंडात हात घालाले लावू? लोकं काय म्हनतीन जावाईबापू?"

मग अधिक महिना आला, आणि मला धोंड्याच्या जेवणाला बोलावणं आलं. सासऱ्यांनी माझे पाय धुतले, गंध लावलं, नवा टॉवेल खांद्यावर ठेवला आणि मोठ्या मानाने मला पाटावर बसवलं. माझं वजन लग्नानंतर बरंच सुधारलेलं. पाट कडकन मोडला आणि मी पुरणपोळीसकट आडवा झालो. सासरे हसले, अगदी पूर्वीसारखे, आणि जबडा निसटला. मी टॉवेल अंगठ्यांना गुंडाळत उठलो, तर ते आ वासल्या तोंडाने, हात जोडत मागे मागे सरकायला लागले. घरभर सासरा पुढे आणि जावई मागे अशी आमची वरात फिरली. शेवटी बायकोच ओरडली, "बाबा, बसा खाली." ते बाजेवर बसले आणि डोळे घट्ट मिटले. मी आधी खाली दाबलं, मग मागे. खट्ट झालं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "तुमच्या सासूचा हात हलका होता," एवढंच ते म्हणाले.

आता अकोल्याला गेलो की माझ्यासाठी मानाची खुर्ची निघत नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटतं. कुणी गप्पिष्ट माणूस दारात दिसला की सासरे बाजेवरची शेजारची जागा हाताने झाडतात. "जावाईबापू," ते म्हणतात, "जवळ येऊन बसा."