फोटोपुरत्या बायका

"आता खोलीवाल्या बायका उठल्या तरी चालंल. फोटो झाला."

ग्रामपंचायतीच्या शिपायाने हे भर ग्रामसभेत, माईकवरून सांगितलं. सकाळी ह्याच शिपायाने चाळीत येऊन, हातापाया पडून आम्हाला बोलावलं होतं. गावातल्या बायका सभेला येत नाहीत आणि वर पाठवायच्या फोटोत बायका दिसाव्या लागतात. म्हणून पुढच्या सतरंजीवर आम्ही, भाड्याच्या खोल्यांतल्या, कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या.

बायका ओढण्या सावरत उठायला लागल्या. मी उठले नाही.

कारण तेवढ्यात ग्रामसेवकाने नव्या गटारीचं काम वाचायला घेतलं. गटार देवळापासून निघून गावठाण संपतं तिथे थांबत होती. त्याच्या पुढे आमच्या खोल्या. सगळ्या चाळींचं सांडपाणी तिथे उंबऱ्याला लागतं. माझी धाकटी त्यातूनच शाळेत जाते. तिच्या पायाची खरूज वर्षभर हटलेली नाही.

मी विचारलं, "आमच्या खोल्यांपत्तुर का न्हाई आणत?"

आमचे खोलीमालक आप्पा पुढच्याच खुर्चीत होते. त्यांच्या रानात आता ऊस नाही, खोल्या उगवतात. मागे न वळता म्हणाले, "तुमचं मत कुठंय? दौंडला. मंग गटार बी तिकडंच मागा. हितं भाडं भरायचं आन् गप ऱ्हायचं."

सभा हसली. माझ्या चाळीतल्या दोघीही हसल्या, ते जास्त लागलं.

पण आप्पा खोटं बोलले नव्हते. अकरा वर्षं मी इथे राहते. शेजारच्या कंपनीत राबते, इथलाच किराणा भरते. आणि मतदान आलं की रजा टाकून सासरी दौंडला पळते. आपलं गाव ते, असं मिरवत. चाळीतली सगळी तशीच. कुणी लातूरकडे जातं, कुणी थेट बिहारला. आमच्या जिवावर ह्या खेड्याचं शहर झालं, मतदारयादीत मात्र आमच्यातलं कुणी नाही. सतरंजीवरून कुणीही उठवावं, ही सोय आम्हीच करून दिली होती.

मी बसूनच म्हणाले, "आप्पा, मत हितं आणते."

आता आप्पा मागे वळले.

यादीत नाव घालायला इथल्या पत्त्याचा पुरावा लागतो. लाइट बिल मालकाच्या नावावर. भाडेकरार कुणी करून देत नाही. का देत नाहीत, ते त्या दिवशी कळलं. पण पगाराच्या पासबुकावर ह्याच खोलीचा पत्ता आहे. दुसऱ्या दिवशी शिरूरच्या तहसील कचेरीत जाऊन अर्ज दिला. आता सुट्टीला बाकीच्यांचे भरते. हसलेल्या दोघींचेही भरले.

आप्पांनी खोली खाली करायला सांगितलं आहे. करीन. पलीकडच्या चाळीत जाईन आणि तिथल्या बायकांचे अर्ज भरायला बसेन. हे मी आप्पांना तोंडावर सांगून आले आहे.