इस्कंदरची सात बदकं

आमच्या अंझली बंदराजवळच्या दलदलीत इस्कंदरइतका नेमबाज दुसरा नाही, हे मला मान्य आहे. तीस वर्षं त्याच्या शेजारी राहून रोज दोनदा ऐकतेय, मान्य न करून सांगते कुणाला? बार उडाला की बदक पडलंच. तडफडत असेल तर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवतो. पाण्यात बुडून मेलेलं हराम, म्हणून होडी अशी दामटतो की बघणाऱ्याला पुण्य लागावं. इथवर माणूस नमुनेदार. पुढे बदकाची जबाबदारी अल्लाची.

बायको तूबा हिवाळाभर घोकायची, "अहो, होडीतच पोट फाडा, आतडी काढा, वाऱ्याला सुटी सुटी ठेवा. गरम बदकं एकावर एक रचली की नासतात."

"मला शिकार शिकवतेस?"

"शिकार नाही हो, शिकार झाल्यावरचं."

ते त्याला बायकी काम वाटे.

त्यांची लेक फिरूजे, माझी विद्यार्थिनी. शुक्रवारी रश्तहून तिला मागणी घालायला मंडळी येणार होती. मुलगा तिच्या मनात भरलेला. पण त्याच्या आईने "घरात हाताला चव नाही" म्हणत आधीच दोन मुली नाकारल्या होत्या. अशा बाईला रानबदकाचं फसंजान वाढायचं! अक्रोड-डाळिंबाचा रस्सा कितीही दाट करा, मांसाचा वास लपत नाही.

बुधवारी इस्कंदरला सात बदकं मिळाली. सातही गरमागरम प्लास्टिकच्या पोत्यात कोंबून स्वारी थेट चहाखान्यात. पोतं शेगडीशेजारी, कारण लोकांना दिसायला नको? प्रत्येक बदकाची कथा दोनदा सांगून दुपारी घरी. तूबाने पोत्याचं तोंड सोडलं आणि मी कुंपणापलीकडे नाक धरलं. पोटं हिरवी पडलेली.

"थोडं मीठ चोळ की," इस्कंदर म्हणाला.

"तुमच्या जिभेलाच चोळते!" म्हणत तूबाने पोतं परसात नेऊन त्याच्या नकळत पुरलं.

मला वाटलं, संपलं पोरीचं. तर तूबाने मला खुणेने भाताच्या कोठारामागे नेलं. वळचणीला, उत्तरेच्या वाऱ्यात, तीन बदकं टांगलेली. रविवारच्या शिकारीतली, नवऱ्याचा डोळा चुकवून बाजूला काढलेली. आतडी काढून, पोट कोरडं पुसून आत सुका पेंढा भरलेला, पिसं तशीच.

"बाई, बोलू नका हं."

मी! बोलू नको!

शुक्रवारी वरमाईने पहिला घास घेतला आणि थांबली. इस्कंदर लगेच सरसावला. "बुधवारचीच आहेत, खानम. एका बारात दोन..."

"बुधवारची?" ती म्हणाली. "चार-पाच दिवस टांगल्याशिवाय मांस असं सुटत नाही, मश्दी इस्कंदर. पोटात काय भरलं होतं?"

इस्कंदरने छताकडे पाहिलं. छताला ठाऊक नव्हतं.

"मीठ," तो म्हणाला.

तूबा भात वाढत राहिली.

"पेंढा," फिरूजे म्हणाली. "मिठाने पाणी सुटतं. पेंढा रोज बदलत होते मी."

वरमाईने इतका वेळ पोरीचा चेहरा पाहिला होता; आता हात पाहिले. मग ताट पुढे केलं. "वाढ ग अजून, सूनबाई."

लग्न ठरलं. चहाखान्यात हल्ली आठवं बदकही ऐकायला मिळतं: ज्याच्यासोबत एकाच बारात जावईही पडला.